दोन मिनिटे अकरा सेकंद

जबाब देणार: मयताची धाकटी बहीण. वय त्रेसष्ट वर्षे. धंदा: पूर्वी कॉन्व्हेंट शाळेत ग्रंथपाल, आता घरीच. राहणार: बेकरीच्या वर, दुसरा मजला, डावीकडचे दार.

मी आज सकाळी साडेदहा वाजता आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे:

स्टॉपवॉच तुम्हीच धरत होता काय आणि कधीपासून, असे मला विचारण्यात आले. मी नऊ वर्षांची असल्यापासून. आमचे वडील खेळाचे शिक्षक होते. रविवारी दुपारी ते झोपले की दादा त्यांच्या उशाखालून स्टॉपवॉच काढायचा आणि आम्ही दोघे शाळेच्या मैदानावर जायचो. दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो एक फेरी पळायचा, मी झेंड्याच्या खांबाशी उभी राहायची. फेरी संपली की गुडघ्यांवर हात टेकून विचारायचा, "टिकटिक, किती?" टिकटिक हे नाव मला त्यानेच ठेवलेले. मी आकडा सांगायची. एक-दोन सेकंद कमी सांगायची.

दादा म्हणजेच मयत. तो बांधकामाचे नकाशे काढायचा. वहिनी गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, तो माझ्याकडे राहायला आला. येताना कपड्यांची एक बॅग आणि संगणक आणला. तोच संगणक आता आपल्या टेबलावर आहे.

संगणक जुना होता. सुरू व्हायला दोन मिनिटे अडतीस सेकंद लागायचे. दादाने त्यासाठी एक वही सुरू केली. मी स्टॉपवॉच धरून दारात उभी राहायची, तो बटण दाबायचा आणि मी सांगेन तो आकडा वहीत लिहायचा. सुरू होताना आपोआप उघडणारे अकरा प्रोग्राम त्याने बंद केले, तेव्हा वेळ दोन मिनिटे अकरा सेकंदांवर आली. ते सत्तावीस सेकंद खरे आहेत.

त्यानंतर त्याने कुठून कुठून वाचून पुष्कळ बदल केले. पडद्यावरच्या सावल्या काढल्या, वीज वाचवण्याची सोय बंद केली, प्रोसेसरने कोणते काम आधी करावे याचा क्रम बदलला. वेळ बदलली नाही. पलीकडच्या गल्लीत संगणक दुरुस्त करणारे, ज्यांना दादा वैद्यबुवा म्हणायचा आणि ज्यांना आपण परवापासून बाहेर बाकावर बसवले आहे, ते महिन्यातून एकदा धूळ काढायला यायचे. ते म्हणायचे, "काका, पडदे काढले म्हणून खोली मोठी होते का? प्रोसेसर आहे तेवढाच आहे. अडतंय ते या जुन्या डिस्कपाशी. ती बदलू या, मग बघा."

दादा म्हणायचा, "नवं घालून कुणीही पळवेल हो, वैद्यबुवा. आहे त्यातून काढून दाखवा."

गेल्या वर्षी मार्चच्या नऊ तारखेला मोठ्या डॉक्टरांनी दादाला सांगितले की, स्नायूंच्या या आजारावर आता करण्यासारखे काही उरलेले नाही. घरी आल्यावर त्याने बूट काढले नाहीत. तसाच संगणकासमोर बसला, एक बदल केला, बटण दाबले. घड्याळात दोन मिनिटे बारा सेकंद झाले.

"टिकटिक, किती?"

मी दोन मिनिटे चार सेकंद असे सांगितले. त्याने वहीत लिहिले. मग बूट काढले.

तेव्हापासून घड्याळ बरोबर चालत होते, मी कमी वाचत होते. शेवटची नोंद अठ्ठावन्न सेकंदांची आहे. तोवर दादाला खुर्चीपासून दारापर्यंत जायला याहून जास्त वेळ लागायचा. तो मी मोजलेला नाही.

दादा जाऊन आज सोळा दिवस झाले. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बाहेरगावाहून आला. त्याने वही वाचली आणि संगणक सुरू केला. दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. तो म्हणाला, "आत्या, बाबांनी अठ्ठावन्नवर आणला होता. आतला प्रोसेसर कुणीतरी बदललाय. शेवटच्या आठवड्यात घरी कोण आलं होतं?"

मी म्हटले, "वैद्यबुवा." पुढचेही तेव्हाच सांगायला हवे होते. मी चहा ठेवायला गेले. परवा भाच्याने प्रोसेसर चोरीला गेल्याची तक्रार दिली. वैद्यबुवांचे दुकान तेव्हापासून बंद आहे, किल्ली ठाण्यात जमा आहे.

मी आकडे कमी वाचते हे वैद्यबुवांना ठाऊक होते. एकदा ते माझ्या पाठीमागे उभे असताना त्यांनी घड्याळातला आकडा पाहिला आणि मी काय वाचले तेही ऐकले. "वा काका, घोडा झाला की!" एवढेच म्हणाले. दोन दिवसांच्या चौकशीत त्यांनी माझे नाव घेतलेले नाही. आज मला पाहून म्हणाले, "मावशी, कशाला आलात? काकांची वही खोटी कशाला पाडायची?"

प्रोसेसर पहिल्यापासून तोच आहे. कोणी काही चोरलेले नाही. आकडे खोटे होते आणि ते माझे होते.

वहीत नोंदींच्या कडेला पेन्सिलने बारीक आकडे आहेत ते कशाचे, असे विचारण्यात आले. भाच्याला ते प्रोसेसरचे तापमान वाटले होते. मी वही कधी हातात घेतली नव्हती, त्यामुळे मला सांगता आले नाही. अंमलदारांनी वैद्यबुवांना आत बोलावले. सुरू व्हायला किती सेकंद लागले याची नोंद संगणक स्वतःच ठेवतो, हे मला आजच कळले. ती उघडण्यात आली. मागच्या चार महिन्यांची मिळाली. एकशे एकतीस, एकशे बत्तीस, एकशे एकतीस सेकंद, म्हणजे दोन मिनिटे अकरा-बारा. कडेचे आकडे तेच आहेत.

पेन्सिलचे आकडे मार्चच्या नऊ तारखेपासून सुरू होतात. त्या तारखेसमोर एकशे बत्तीस लिहिले आहे.

भाच्याने माझ्यासमोर विचारले, "आत्या, बाबांना माहीत होतं, तर मग तुम्ही दोघं रोज मोजत काय होता?" मैदानावरच्या आकड्यांविषयीही दादाला माहीत होते काय, हे विचारायला आता कोणी नाही.

भाच्याने तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले आहे. माझी विनंती अशी की, वैद्यबुवांच्या दुकानाची किल्ली त्यांना आत्ताच, माझ्यादेखत द्यावी. संगणक भाच्याला द्यावा. त्यातले काही बदलू नये. वही पुराव्याला लागणार नसेल तर मला मिळावी. कडेचे आकडे कोणी खोडू नयेत. स्टॉपवॉच वडिलांचे आहे, तेही भाच्याला द्यावे. त्याच्या मुलीला पळायला आवडते असे तो म्हणाला.

हा जबाब मला वाचून दाखवणार होते. मी तो मागून घेऊन स्वतः मोठ्याने वाचला. आकडेही, जसे आहेत तसे. बरोबर आहे.