दंड भरणं स्वस्त

धरा, धरा ही बादली, सांडू नका, पुढे द्या... आणि माझ्याकडे असे बघू नका हो, पाणी भरपूर आहे! अंगणातला नळ बघा, काय धो धो वाहतोय! वरच्या मजल्याला आग लागलीय ती वेगळी गोष्ट. माणसं बाहेर आहेत, माझी आई ती काय समोर खुर्चीत बसलीय, पण घर माझं वर जळतंय हो, उभी हयात घातली त्यात! आणि आगीचा बंब? आला की, घंटा बडवत, वेळेवर... पण कोरडाठाक, आणि त्याचा जाड पाइप आपल्या अंगणातल्या नळाला बसेना!

तुम्हाला सांगतो, मी तेव्हाच बोललो होतो. पाणी खात्यात नकाशे काढतो मी, माहीत आहे ना? पूर्वी कुठे किती जाड पाइप, हे आम्ही डोकं खाजवून ठरवायचो. आता कॉम्प्युटर! हजारो नकाशे करून बघतो आणि सगळ्यांत स्वस्त तो हातावर ठेवतो. आमचे साहेब नाकातून म्हणतात, "अर्रे, मशीन चुकत नाही!"

पुढची बादली... हां. तर जिथे पाण्याचा दाब कमी पडेल तिथे नकाशाला दंड, म्हणजे त्याच्या खर्चात तेवढे पैसे वाढवायचे, हे आम्हीच त्याला शिकवलं. त्यानं काय करावं? सगळीकडे जाड पाइप टाकण्यापेक्षा एक ठिकाण कोरडं ठेवायचं नि दंड भरायचा, ते स्वस्त! मी गारच पडलो. आणि कोरडं काय, तर साहेबांचा बंगला! "दंड वाढव! माझ्या घराचा वाढव आधी!" वाढवला. कोरड सरकली आमच्या खात्यातल्या हिशेबनिसांच्या गल्लीत. ते धापा टाकत आले, "अहो, घरात आजारी माणूस आहे!" वाढवला. मग आली आमच्यावर. बायको म्हणाली, "अहो, सगळं तुमच्याच हातात ना? मग?" मग काय... वाढवला! आणि शेजारचे काका, तुम्हीही आला होतात, मान खाली घालू नका, बादली कलंडेल!

शेवटी एकच ठिकाण उरलं. तिथे कुणाचं घर नाही, कुणाची मावशी नाही, ओरडायला कुणी आलंच नाही. साहेबांनी सही ठोकली, "बघ, मशीन चुकत नाही!" पाइप जमिनीत गेले, काल पाणी सोडलं...

कुठलं ठिकाण म्हणता? तो बंबवाला बघा, रिकामा पाइप हातात धरून मघापासून मला तेच विचारतोय, "साहेब, आमच्या अग्निशमन केंद्रात कालपासून थेंब नाही, टाकी भरायची कुठून?" काय सांगू त्याला?... गेली, खिडकी गेली वरची... मशीन चुकत नाही हो! फक्त दंड कोण भरणार, ते आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. द्या, बादली द्या.