सदूमामाचं बोट

पीएचडी कशी झाली म्हणून विचारता, तर ऐका. धानाच्या बांधीत पाणी किती साचते हे मोजाचं यंत्र मी दिघोरीले सदूमामाच्या वावरात बसवलं होतं. पावसाळा सरल्यावर गेलो, तर यंत्र घरात खुंटीले टांगलेलं.

"मामा, हे काहून काढलं?"

"अरे बाबू, झड लागली होती. एवढं महागाचं यंत्र, भिजलं असतं ना."

मी खालीच बसलो. पावसाळा गेला, म्हणजे वर्ष गेलं.

"पण तुयं काम थांबू नाही देलं मी," म्हणत मामानं भिंत दाखवली. रोज सकाळी बांधीत उभं बोट बुडवून, जेवढी पेरं भिजली तेवढ्या कोळशाच्या रेघा. एकही दिवस सुटला नव्हता.

मी पट्टीनं मामाचं बोट मोजलं अन् प्रबंधात सारं खरं लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तेच पान उघडलं. "हे साधन कमीत कमी किती मोजू शकतं?"

"एक पेर, सर."

सर पहिल्यांदा हसले, अन् माझा जीव भांड्यात पडला.

"आणि साधन तपासायचं असेल तर?"

"बाहेर बसलं आहे, सर. चहा पिऊन राहिलं."