समईचं तेल आणि बाबलचं रीळ

मंडळी, ऐका! आणि नुसतं ऐकू नका, उत्तरही द्या. एखाद्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हा दोष मोठा? की ठाऊक नसूनही तो छाती पुढे काढून सांगतो, तो मोठा?

'दुसरा!' म्हणालात. किती चटकन! अहो, जरा थांबायचं होतंत. चटकन उत्तर देणाऱ्याचीच आज गोष्ट आहे.

आज सप्ताहाचा शेवटचा दिवस. सात दिवस गावात मासा शिजला नाही — तोंडं बघा कशी झालीत एकेकाची! म्हणून आख्यानात मासा घेतलाय. तोंडाने नाही तर निदान कानाने खा!

परगावचे पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. उद्या सकाळी कातळावरून गळ टाकून धरलेला पहिला मासा वाजतगाजत गावच्या मुख्य मानकऱ्याच्या, म्हणजे गावकरांच्या ओसरीवर जाणार, आणि मगच घरोघरी तवे चढणार. ऊन देवळाच्या कळसावर यायच्या आत मासा मिळाला पाहिजे. हा मान तारींच्या घराण्याचा होता. तीन पिढ्यांचा.

'होता' म्हणालो मी.

अकरा वर्षांपूर्वी तो बाबल तारीकडे होता. बाबलची उजव्या हाताची दोन बोटं बोटीच्या इंजिनाच्या पट्ट्यात गेलेली. हाताने दोरी ओढून गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, संपलं! तेव्हा जहाजावरच्या भाच्याने त्याला काठी आणि रीळ आणून दिलं. रीळ म्हणजे काय, तर दोरा गुंडाळायचं चक्र. आत दातऱ्यांची चाकं, बेअरिंग आणि एक ब्रेक. मासा ओढू लागला की ब्रेकने दोरा जपून सोडायचा. सोडला नाही तर तुटलाच.

खाऱ्या वाऱ्याने ते रीळ कुरकुरू लागलं. सप्ताहाच्या आदल्या दिवशी बाबल या देवळात आला. एका हातात शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा. आणि इथे, या खांबाला टेकून, एक बुवा बसले होते. चार माणसं भोवती. बुवांचं नाव सांगत नाही. तो इसम तुमच्यासमोर चिपळ्या घेऊन उभा आहे!

हसा, हसा. पुढे हसवणार नाही कोणी.

बाबल म्हणाला, "बुवांनू, ह्यातला खयचा घालू? पातळ त्याल की ग्रीस?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस?"

"अहो, पुष्पक विमान कसा उडता ता तुमी काल उलगडून सांगलात! मगे ह्या एवढासा रीळ तां काय!"

चार माणसं माझ्याकडे बघू लागली. मंडळी, मी उभ्या जन्मात रीळ हातात धरलं नव्हतं. मी मासे फक्त ताटात पकडलेत! दोन शब्द पुरले असते: 'ठाऊक नाही'. पण विमान उडवलेला माणूस रिळाशी हरेल का? मी डोळे मिटले. डोळे मिटले की लोकांना वाटतं, आत काहीतरी चाललंय. आणि म्हटलं, "बाबल, ती बाटली आणि तो डबा घरी ठेव. देवीच्या समईतलं तेल घाल. त्याहून मोठं वंगण त्रिभुवनात नाही!"

चौघे म्हणाले, "वा!" त्या 'वा'ची मला अजून शिसारी येते.

मीच समई तिरकी केली, मीच वाटी भरून दिली. बाबलने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि गेला.

सप्ताह संपला. पौषातली पहाट, दात वाजत होते. बाबल कातळावर, वर आम्ही सगळे ढोल-ताशे घेऊन. गळाला तांबोशी मासळी लागली! दुसऱ्या गावात सांगतो तेव्हा ती माणसाएवढी असते. इथे तुम्ही पाहिलीय, म्हणून हातभर! ती फिरली आणि खडकाच्या कपारीकडे धावली. दोरा सुटायला हवा होता — सुटेना! बाबल ब्रेक ढिला करतोय, तीन बोटांनी मूठ फिरवतोय — रीळ दगड झालेलं! काठी वाकली, वाकली... आणि दोरा तुटला.

ढोलवाल्याने काठी खाली केली. ऊन कळसावर आलं होतं.

बोटींचा सुलेमान मिस्त्री पुढे झाला. त्याने तिथेच रीळ उघडलं. आत पांढरं, घट्ट, मेणासारखं! "अरे, हे खोबरेल! थंडीत गोठलं. दातऱ्यांना ग्रीस लागतं, बेअरिंगला मशीनच्या पातळ तेलाचा थेंब. हे कोणी भरलं?" आणि चिमटीने त्याने आतून काय काढलं? काजळी धरलेला वातीचा तुकडा!

लोक ओरडले, "देवळातला त्याल? देवीच्या तेलान मासे मारतंस?" गावकर म्हणाले, "बाबल, हे तुला कोणी सांगितलं?"

बाबलने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी ढोलाच्या मागे होतो. मोठा ढोल होता, मंडळी. माणूस मावतो.

बाबल म्हणाला, "कोणी नाय. माझाच डोक्या."

ज्यांनी 'वा' म्हटलं होतं, ते चौघेही गर्दीत मागे सरकले. मान गेला. दुसऱ्या घराकडे गेला. त्या दिवसापासून बाबल देवळात आत येत नाही. बाहेर, चपलांपाशी बसतो. अकरा वर्षं मी इथे सत्यावर कीर्तनं केली, त्याच्या शेजारच्या चपलांवरून चालत येऊन!

गावकर, तुम्ही खाली बघू नका. खाली बघायची पाळी माझी आहे. ते तेल मी दिलं. पदरचं ज्ञान म्हणून दिलं. आज सगळ्यांसमोर सांगतो. बाबल, ऐकतोयस? रागाव, शिव्या घाल, पण काहीतरी बोल!

...थांबवा ती पेटी. काय म्हणालास? मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू दे.

"बुवांनू, खोबरेल थंडीत थिजता, ता माका ठावक नव्हता काय? घरातली बाटली रोज चुलीकडे धरतंय मी! पण तुमी चार माणसांत सांगलात. तुमचो शब्द खाली पडाक नको, म्हणान घातलंय."

ऐकलंत, मंडळी? अकरा वर्षं मला वाटत होतं, मी एका भोळ्याला फसवलं. भोळा कुठला! त्याला सगळं ठाऊक होतं. माझी अब्रू त्याने कातळावर झाकली, आणि त्याच्या आधी देवळातही झाकली होती.

आता तुमच्याकडे वळतो. सुनेला औषध सांगता, शेजाऱ्याला मुहूर्त सांगता, भावाला सोयरीक सांगता. माहिती काडीची नाही! समोरचा मान डोलावतो, आणि तुम्हाला वाटतं, पटलं त्याला. अहो, पटलेलं नसतं! तुम्ही उघडे पडू नये म्हणून तो मुकाट्याने आपलं रीळ जाम करून घेतो. घरी जाल तेव्हा त्या डोलणाऱ्या माना आठवा. एकेका मानेपुढे जाऊन उभे राहा.

माझा हार-नारळ राहू द्या. उद्याच्या मानाचं गावकर बघतील. आरती तुम्ही म्हणा — मी बाहेर जातोय, त्याच्या शेजारी चपलांत बसायला. त्याने सरकून जागा दिली, तर.