फॉर्मवर नसलेलं नाव

हॅलो?… हॅलो, कोण? चंदा?… हाव, तुही ताईच बोलून राहिली. अमरावतीच्या दवाखान्यातून… अवं, पहिले रडणं थांबव!

झालं ऑपरेशन. कालच झालं… नाही वं, डोकं नाही उघडलं! तुले कोणं सांगितलं? एक भोक फक्त, करंगळीएवढं. त्यातून बारीक नळी टाकली अन् मेंदूत साचलेलं रक्त ओढून काढलं… हाव, तेवढंच. केस बी रुपयाएवढेच भादरले. तसे तुया भाऊजीले होते तरी किती!

आपल्या बाबाले असंच झालं होतं, आठवते? आपल्या माहेरच्या गावात जीप शोधता शोधताच… जाऊ दे. आताचं ऐक.

सकाळी डोळे उघडले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, आजोबा, गाव कोणतं? वलगाव. बरोबर. मंग विचारलं, बायकोचं नाव?… अन् हे म्हणते, मैना.

हसून काहून राहिली? फॉर्मवर मनकर्णा लिहिलेलं! पुन्हा विचारलं, पुन्हा मैना. गजेंद्र, माह्या पन्नाशीचा लेक, पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाई म्हणे, आठवणीवर परिणाम दिसते, पुन्हा डोक्याचा फोटो काढा लागते, कदाचित पुन्हा नळी…

मी? मी दाराबाहेर होती. गजेंद्र आला अन् हळूच विचारते, "आई, ही मैना कोण?"

हाव, हस अजून! त्याले कुठं माहीत? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं यायनंच लिहिलं, मनकर्णा. बावन्न वर्षं झाले. माहेरचं नाव तवाच पुसलं. तू बी ताईच म्हणते…

छे! यायनं तं नावानं कधीच हाक मारली नाही. मैना नाही अन् मनकर्णाही नाही. "गजेंद्राची माय", नाहीतर "ऐकलं का". पाहायले आले तवा एकदाच विचारलं होतं, नाव काय? मी खाली मान घालून सांगितलं, मैना. तू दारामागून चिमटे काढत होती… तेवढंच ऐकलेलं, चंदे. तेवढंच!

मंग काय, गेली आत, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईले खरं वाटे ना. तिनं यायलेच विचारलं, आजोबा, मग मनकर्णा कोण?

हे म्हणते, "ते माह्या आईनं ठेवलं. मले कोणं विचारलं होतं?"

…हाव ना! नर्सबाई बी हसून हसून खाली बसली. आजचा फोटो रद्द. फॉर्मवर मैना बी लिहून घेतलं.

नाही, रडून नाही राहिली. इथलं ए.सी. बाधलं मले… तू ये उद्या अकोल्याहून. पण भाऊजीले चिडवू नको, लाजतीन… ज्वारीच्या भाकरीचा डबा आण, इथली खिचडी पाहून तोंड वाकडं करून राहिले. अन्—

थांब. थांब जरा… आतून आवाज आला.

नाही वं, नर्स नाही… चंदे, फोन ठेव. अवं ठेव ना! मले नावानं बोलावून राहिले…

आली जी, आली!