बिनडोळ्याचं बदक

लुब्लिनमधलं आमचं ते स्वस्तातलं जेवणघर जुन्या घरासारखं सजवलेलं आहे. रविवारी तिथे रांग लागतेच. माझ्या पुढे एक पन्नाशीचा माणूस म्हाताऱ्या आईला तिच्या नामदिनाचं, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या दिवसाचं, जेवण द्यायला घेऊन आला होता.

“आई, इथले बटाट्याच्या सारणाचे पिएरोगी अगदी तुझ्या हातच्यासारखे लागतात.”

“झेनेक, भिंतीवरचं ते भरतकाम बघ.”

“छान आहे. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात असायचं तसलं.”

“त्या बदकाला डोळा नाहीये.”

“राहिला असेल.”

“राहिलाच. डोळा भरायला घेतला आणि कळा सुरू झाल्या. तुझ्या वेळच्या.”

“काहीतरीच तुझं! अशी बदकं घरोघरी होती.”

“माझी पेटी तुझ्या तळघरात आहे ना?”

“आहे की. कुलूप लावून ठेवलीय.”

“मग जेवून तिथेच जाऊ. उघडून दाखव मला.”

“आज कशाला? आज तुझा नामदिन आहे.”

“म्हणूनच.”

“आई, ओल लागत होती गं तिथे. ग्राझिना म्हणाली, कुजून जाण्यापेक्षा इथे दिलं तर कुणी बघेल तरी.”

“बायकोचं नाव पुढे करू नकोस.”

“हळू बोल ना. लोक बघताहेत.”

“बघू देत. त्यासाठीच टांगलंय ना?”

म्हातारीनं कापडाकडे हात नेला, तशी वाढणारी मुलगी धावत आली.

“आजी, हात नका लावू हं! आमच्या मालकांच्या आजीनं भरलंय ते.”

“हो का? नशीबवान बाई. पोरांनी जपलं म्हणायचं.”