हद्दीतला दीड फूट

— नाही साहेब, टेप कुंपणाला लावा ना. परसातलं घर हद्दीपासून चार फूट हवं, हा तुमच्या पालिकेचा नियम, आणि ते आहे, कुंपणापासून बरोबर चार — काय? ती मूळ हद्दीची लोखंडी खुंटी? शेजारच्या व्हर्ननने मोजणीदार आणून काल ती खणून उघडी केली. तिच्यापासून धरलं तर अडीचच भरतात, ठाऊक आहे मला. पण या सॅक्रामेंटोच्या उपनगरात खुंट्या शोधतं कोण? कुंपण म्हणजे हद्द, सगळे असंच मोजतात. आणि हे कुंपण मी आणि व्हर्ननने मिळून घातलेलं, एकतीस वर्षांपूर्वी — ओकची मुळं आड आली म्हणून दीड फूट त्याच्या बाजूला सरकवलं. तोच म्हणाला, "सरकव रे प्रोफेसर, आपल्याला काय देश वाटून घ्यायचाय!" — म्हणजे, हो, बांधकामाचा अर्ज लिहिताना मला आठवत होतं. बहुतेक. नाही, नक्कीच आठवत होतं. चाळीस वर्षं नकाशे शिकवलेल्या माणसानं विसरलो म्हणावं, हे शोभतं का? पण माझ्या लोर्नाला, मुलीला, तिच्या नवऱ्यानं जिन्यावरून ढकललं होतं, हात मोडून. आमच्या घरात झोपायच्या खोल्या वर. ती पायरी चढायची नाही, सोफ्यावर बसून रात्र काढायची. म्हणून तिच्यासाठी हे बिनजिन्याचं घर. दीड फुटासाठी तिला तशीच बसू देऊ?

ते रक्त? माझं नाही. सकाळी व्हर्नन घण घेऊन आला. "माझ्या हद्दीला चिकटून घर उठवतोस? तुमच्या विद्यापीठात फूट किती इंचांचा असतो रे?" आणि घातला घाव भिंतीवर. लोर्ना आत होती, किंचाळली. मी फावडं उचललं, त्याच्या खांद्यावर मारलं. घण सुटला त्याच्या हातून — तिथं थांबायला हवं होतं, नाही का? तो गुडघ्यांवर होता साहेब, "बस, एव्हरेट, बस," म्हणत होता — एरवी नेहमी प्रोफेसर — आणि मी पुन्हा मारलं. जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला. दोनदा मारलं. नाही, चारदा. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. आयुष्यभर समजत होतो, आपण हात उचलणाऱ्यांतले नाही.

त्याची बायको त्याला इस्पितळात घेऊन गेली, पोलीस येतीलच. लोर्ना दारात उभी होती. मी म्हटलं, "बाळा, संपलं, आता कोणी यायचं नाही." ती माझ्या हाताकडे बघत होती — ती नजर मी आधी एकदाच पाहिलीय, तिला तिच्या नवऱ्याच्या घरून आणलं त्या दिवशी. पिशवी भरली आणि निघाली, माझा धक्का लागू नये म्हणून भिंतीला अंग घासत. कुठे गेली? मी विचारलं. तिनं फाटक ओढून घेतलं.

लिहा तुम्ही, अडीच फूट. मी हरकत घेणार नाही, सही करतो. ती पाडायची नोटीस दाराला चिकटवा — अहो, दार कशाला वाजवताय? कोणी नाहीये आत. चिकटवा आणि जा.