अधांतरी तार

खट्! तो कुलपाचा आवाज, तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं झाली तरी कानातून जात नाही... कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये चिप बसवलेले नवे बोर्ड आले होते, पोरांनी हात लावून शिकावं म्हणून आलेले, आणि आमच्या विभागप्रमुख सरांनी काय केलं? कपाटात ठेवले, खट्! "काका, पोरं बिघडवतात हो." अहो, बिघडवणारच! शिकायलाच आलीत ना ती? पण मी पडलो लॅबचा अटेंडंट, टेबलं पुसणारा, माझं कोण ऐकतंय?

तेव्हापासून सगळं स्क्रीनवर. चिपनं कसं वागायचं ते कॉम्प्युटरवर लिहायचं, हिरवी रेघ वरखाली नाचली की सर लांबूनच, "स्क्रीनवर चालतंय ना? मग झालं!" पोरंही खूश, "झालं सर!" काय झालं? बोर्डाचं तोंड तरी पाहिलं का कुणी?... पण नाही, स्क्रीनवर चालतंय ना, मग झालं!

आणि परीक्षा मात्र बोर्डावर! म्हणजे पोहायला फळ्यावर शिकवायचं आणि परीक्षेला विहिरीत ढकलायचं!

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. रात्रपाळी करून येते, तासाला डुलक्या घेते, म्हणून पोरं तिला पेंगूताई म्हणतात. तिचा हा एकच विषय राहिलेला, आणि ही शेवटची संधी. सुटला तर चांगली नोकरी ठरलेली, नाही तर जन्मभर तीच रात्रपाळी. परीक्षेत तिला करायला आला रस्त्यावरचा सिग्नल. स्क्रीनवर झकास! बोर्डावर चढवला, तर लाल, पिवळा, हिरवा, तिन्ही दिवे एकदम! म्हणजे थांब, दमानं जा, आणि पळ!... पोरगी रडकुंडीला आली. मी बोर्ड सरकवायला गेलो, बोट एका तारेला लागलं, आणि काय सांगू, लाल, मग हिरवा, मग पिवळा, अगदी शहाण्यासारखे!

"काका, बोट काढू नका!"

"अगं, पण..."

"माझी शप्पथ आहे काका!"

शप्पथ घातल्यावर काय करता? राहिलो उभा. बाहेरचे परीक्षक आले. "छान चाललंय. हे काका असे का उभे?"

"त्यांना... आवड आहे, सर."

"बरं. काका, जरा पाणी आणा."

"आणतो," म्हटलं. हललो नाही.

"काका, पाणी!" विभागप्रमुखांनी डोळे वटारले. अहो, ज्याचं कामच पाणी आणायचं, त्यानं किती वेळ आवड दाखवावी?... सोडलं बोट. तिन्ही दिवे एकदम!

परीक्षक वाकले. "ही तार अधांतरी आहे. एक टोक चिपला, दुसरं कुठंच नाही, होतं ते काकांच्या बोटाला. कशाला तरी बांधायची असते, हे कुणी दाखवलं नाही?"

"सर, स्क्रीनवर तर चालतंय..."

"स्क्रीनवर तारच नसते, बाई!"

आमचे सर खिडकीबाहेर बघत होते. मी पाणी घेऊन आलो, तोवर तिच्या नावापुढे नापास लिहून झालं होतं. आणि परीक्षक म्हणतात, "राहू द्या काका, आता तहान नाही."

मी तोच पेला तिच्यापुढे धरला. म्हटलं, "बाळा, तू तरी घे."

तिनं बॅग उचलली, माझ्या बाजूनं अंग चोरून वाट काढली आणि गेली.